पावसाळा ते पावसाळा: घरीच शिकणाऱ्या दोन लहान मुलांना ऋतूंप्रमाणे काय द्यावं?

प्रश्न: गच्चीतली_आई (पुणे)

नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चारची. या जूनपासून मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलं. कारणं बरीच आहेत, सगळी इथे सांगत बसत नाही. खिडकीतून बाहेर बघतो म्हणून रोज वहीत शेरा यायचा, आणि तो बाहेर काय बघतो हे कुणी एकदाही विचारलं नव्हतं. तो तांबट पक्षी बघायचा. समोरच्या वाळक्या फांदीला तांबट भोक पाडत होता आणि ते किती मोठं झालं हे हा घरी येऊन बोटांनी दाखवायचा.

वाचन आणि गणित सकाळी दीड तासात उरकतं. प्रश्न पुढच्या दिवसाचा आहे. इंटरनेटवरून वर्षभराचं ऋतूंचं वेळापत्रक उतरवून घेतलं, छापून भिंतीवर लावलं. जूनमध्ये समुद्रकिनारा, ऑक्टोबरमध्ये रंगीत पानगळ, डिसेंबरमध्ये कापसाचा हिममानव. हस्तकलेचे दोन संचही मागवले. फोमचे तुकडे, चमकी, डिंकाची ट्यूब. दोन्ही संच एका दुपारीच संपले आणि मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "आता?"

सध्या बाहेर आर्द्राचा पाऊस आहे. दोघं गॅलरीच्या गजांना धरून उभी असतात. सासूबाई रोज संध्याकाळी अगदी प्रेमानं विचारतात, "आज काय काय केलंत गं?" आणि मला धड सांगता येत नाही. अंगण नाही, पण सोसायटीची गच्ची आहे आणि वेताळ टेकडी जवळ आहे. फार खर्च परवडणार नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, वर्षभर पुरेल असं आणि आपल्याकडच्या हवेला धरून काय करता येईल?

उत्तर १: मसाईची_वाट (पन्हाळा)

ताई, आधी ते वेळापत्रक भिंतीवरून काढा. ज्या देशात ते तयार झालं तिथे ते बरोबरच असेल. आपल्याकडे ऑक्टोबरात कुठली पानगळ? तेव्हा हस्ताच्या सरी पडतात आणि मसाई पठारावर अजून फुलं असतात. आपली पानं गळतात माघ-फाल्गुनात, आणि त्याच उघड्या फांद्यांवर पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. मुलानं ऑक्टोबरात पानगळीचं चित्र काढलं आणि खिडकीबाहेर सगळं हिरवंगार दिसलं, तर त्यानं विश्वास कशावर ठेवायचा?

माझी दोन्ही मुलं घरीच शिकली, थोरला आता तेरा वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी मीही रोज नवीन काहीतरी करायला घेत होते. मुलं कशातच रमायची नाहीत. मग एक ठरवलं आणि सात वर्षं तेच पाळलं: एका ऋतूला एकच जिन्नस. पावसाळ्यात माती. नवरात्र ते दिवाळी बांबू आणि कागद. थंडीत बिया आणि दोरा. उन्हाळ्यात फुलं, पानं, कोयी. तोच जिन्नस तीन-तीन महिने हातात राहिला की मूल त्याच्याशी बोलायला लागतं. आठव्या दिवशी कंटाळतं, पंधराव्या दिवशी असं काहीतरी करून दाखवतं की आपण बघत राहतो. मधला आठवडा आपण दम धरायचा.

तुमचा पावसाळा आत्ताच सुरू झालाय, म्हणून मातीचंच सविस्तर सांगते.

आमच्याकडे कोल्हापूर भागात आषाढात बेंदूर असतो. मातीचे बैल करायचे, पुजायचे. तुमच्याकडे श्रावण अमावास्येला पोळा. म्हणजे हातात भरपूर वेळ आहे. माती विकतची रंगीत नको. पुण्यात कसब्यात कुंभारवाडा आहे, तिथे मळलेली माती मागा. नाहीतर गणपतीची शाडू आणा. ती आणल्या आणल्या मुलांच्या हातात देऊ नका. बादलीत भिजवा, दुसऱ्या दिवशी पाणी निथळू द्या, आणि गोणपाटावर पायानं तुडवायचं काम दोघांना द्या. चार वर्षांच्या मुलीसाठी याहून मोठं काम मला माहीत नाही. पायाला खडा लागला की वाकून काढायचा. अर्धा तास घरात आवाज नसतो.

मग बैल. पहिल्या वर्षी आम्ही पायांत खराट्याच्या काड्या घातल्या, पाय ताठ उभे राहावेत म्हणून. सावलीत वाळवले, तरी तिसऱ्या दिवशी बाराच्या बारा पायांना उभ्या भेगा. मुलगा रडला. मी ते बैल पिशवीत घालून शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत घेऊन गेले. तिथल्या आजोबांनी एक पाय मोडून आतली काडी दाखवली आणि म्हणाले, "माती वाळताना आत ओढून घेती. काडी ओढत न्हाई. मग फुटणारच की." पाय वेगळे लावायचेच नाहीत, एकाच गोळ्यातून चिमटीत धरून खाली ओढायचे. आखूड झाले तरी चालतील, जाड हवेत. शिंगं मात्र वेगळी लावावी लागतात. त्यासाठी दोन्ही बाजूंना सुईनं ओरखडे पाडायचे, मध्ये पातळ कालवलेली माती लावायची आणि दाबायचं. मातीत थोडा पिंजलेला कापूस मळला की ती धरून राहते. वाळवायचं घरातच, पंख्यापासून लांब, वर ओलसर फडकं टाकून. सगळीकडून सारखं वाळलं पाहिजे.

बैलांनंतर नागपंचमीचा नाग, मग गणपती. विसर्जन घरीच बादलीत करा आणि तीच शाडू गाळून पुढच्या वर्षीसाठी ठेवा. आमच्या डब्यातली शाडू सहा वर्षांची आहे. शेवटी घटस्थापना. पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरायचं. इथे एक गंमत करा: एक घट देवघरात आणि एक खिडकीत ठेवा, धान्य आणि पाणी सारखंच. नऊ दिवसांनी देवघरातले कोंब पिवळे आणि उंच, खिडकीतले हिरवे आणि बुटके. माझ्या मुलीनं रोज दोऱ्यानं उंची मोजून तो दोरा वहीत चिकटवला होता. "अंधारातला उंच का?" हा प्रश्न तिनं स्वतः विचारला. मी उत्तर दिलं नाही. ती दोन दिवस खिडकीशी बसली आणि म्हणाली, "तो उजेड शोधत लांब गेला." तो कागद मी जपून ठेवलाय.

पावसाचंही माप घ्या. सरळ भिंतीची, सपाट तळाची काचेची बरणी गच्चीवर अगदी उघड्यावर ठेवा, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नको. बाटली कापून करणार असाल तर बुडाला बाक असतो, तिथे आधी मेण ओतून सपाट करून घ्या. बाहेरून पट्टी चिकटवा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, कारण हवामान खातंही त्याच वेळेला मोजतं. मग वर्तमानपत्रातला आकडा आणि आपला आकडा शेजारी लिहायचा. दोन्ही कधीच जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत यावरच आमच्याकडे चार दिवस बोलणं चाललं.

त्याच कागदावर नक्षत्रं लिहा. मृग साधारण ७ जूनला लागतो, आर्द्रा २२ च्या आसपास, मग पुनर्वसू, पुष्य असं दर दोन आठवड्यांनी. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं: बेडूक, म्हैस, मोर, गाढव, कोल्हा. वाहन काय आहे ते बघायचं, त्याचं चित्र काढायचं आणि पंधरा दिवसांनी पाऊस खरंच तसा पडला का ते ताडायचं. हे तुमच्या सासूबाईंना माहीत असणार. त्यांनाच विचारायला पाठवा मुलांना. संध्याकाळी "काय केलंत" हे त्यांना विचारावंच लागणार नाही, त्या स्वतःच त्यात असतील.

पुढचं थोडक्यात. दसऱ्यानंतर बुरूड आळीतून कामट्या आणा, कडा कानशीनं घासून घ्या, नाहीतर कूस जाते. कांदील आधी चौकोनी करा, चांदणी पुढच्या वर्षी. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. किल्ल्याला गच्चीचा कोपरा पुरतो: विटा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट. उभ्या कड्यावर अळीव पेरा. भिजलं की ते बुळबुळीत होऊन गोणपाटाला धरून बसतं, मोहरी घसरून खाली येते. चार-पाच दिवसांत कडा हिरवा होतो. थंडीत चिंचोके खरबरीत फरशीवर घासून अर्धे पांढरे करा, पाच चिंचोके म्हणजे घरचे फासे, आणि पट खडूनं काढायचा. पिंपळाची पानं तीन-चार आठवडे पाण्यात ठेवली तर जाळी होते. वास येतो, तेव्हा डबा गच्चीवरच ठेवा. जुन्या दातांच्या ब्रशनं हलक्या हातानं घासायची. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटतात, तो कापूस बाहुलीच्या उशीत भरायचा. आणि जूनमध्ये उकिरड्यावर आंब्याची कोय रुजली की वरची कवटी काढून आतलं टोक दगडावर घासलं की पुंगी वाजते. तिथून पुन्हा माती.

उत्तर २: संत्र्याचा_बाग (नागपूर)

मी आजोबा आहे, दोन नाती माझ्याकडे असतात. मसाईताईंनी बैलांचं लिहिलं म्हणून आमच्याकडचं सांगतो.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकांचे लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर जातात आणि लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे पैसे, खाऊ, काहीतरी. त्याच दिवशी शहरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. बैल विकत मिळतात, अगदी महागडेही मिळतात. मी मात्र दर वर्षी सुताराकडून सागाचे तुकडे आणतो. मोठी नात आठची, ती सँडपेपरनं घासते. पहिले दोन दिवस ती विचारते, "झालं का?" मी तिला डोळे मिटून बोट फिरवायला सांगतो. बोटाला जिथं टोचलं तिथं अजून काम आहे. आता ती मला विचारत नाही. चाकं आम्ही नारळाच्या करवंटीची केली होती, पण ती गोल नसतात आणि बैल लंगडतो. बांगडी ठेवून प्लायवर गोल काढून घ्या आणि कापण्याचं काम स्वतः करा.

पुण्यात तुमच्याकडं तान्हा पोळा नसेल, पण सोसायटीत पाच-सहा मुलं जमवून बैल फिरवायला कोण नाही म्हणणार आहे? बोजारा म्हणून प्रत्येक घरानं एक गोष्ट सांगायची, असं ठेवा.

होळीला पळसाची फुलं. ती सावलीत वाळवून ठेवतो, आदल्या रात्री गरम पाण्यात टाकतो, सकाळी पिवळं-केशरी पाणी तयार. त्यात जुनं पांढरं धोतर बुडवून नातींचे रुमाल रंगवतो. धुतले की रंग उतरतो, मग पुढच्या होळीला तेच रुमाल पुन्हा बुडवतो.

उत्तर ३: गडहिंग्लजची_सिस्टर

वर सगळं छान आहे, मी फक्त दवाखान्यात जे बघते ते सांगते. पायाला जखम असेल तर साठलेल्या पाण्यात खेळू देऊ नका. उंदरांच्या मुतानं लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) संसर्ग होतो आणि तो जखमेतून शिरतो. टेकडीवर गमबूट घाला, दगड उचलायचा तर काठीनं, हात घालून नाही. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप मुलांना चित्रातून ओळखता यायला हवेत, भीती घालायला नव्हे, लांबून वळून यायला.

बिया गोळा करताना गुंजा घेऊ नका. लाल-काळ्या सुंदर दिसतात, पण दाणा फुटून पोटात गेला तर जिवावर बेततं. कण्हेर आणि धोतराही तसाच. घरात चार वर्षांची मुलगी आहे म्हणून मुद्दाम लिहिलं.

उत्तर ४: डहाणूची_ताई

मी तीस वर्षं बालवाडीत शिकवलं, आता निवृत्त आहे. ताई, "आज काय केलंत" या प्रश्नानं तुम्हाला ओशाळल्यासारखं होतंय हे तुमच्या पत्रातून कळतं. म्हणून लिहिते.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे १९५७ मध्ये आमच्या जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं येईनात, तर त्यांच्या मागे रानात गेल्या आणि कुरणशाळा काढली. शिकवायला काय होतं? बिया, पानं, शंख, माती, काटक्या. मोजणी बियांची, अक्षरं मातीत, रंग फुलांचे. तुम्ही नवीन धाडस करताय असं समजू नका, आपल्याकडे याची वाट आधीच पडलेली आहे.

एक सवय लावा. दिवसअखेर मुलाला एक वाक्य सांगायला लावा आणि तुम्ही ते तारखेसकट लिहून ठेवा. त्याच्याच शब्दांत, व्याकरण सुधारू नका. वर्षानं ती वही सासूबाईंच्या हातात द्या. आणि परीक्षेची काळजी वाटत असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे स्तर आहेत. तुमचा मुलगा सातचा आहे, ते आज डोक्यात घेऊ नका.

गच्चीतली_आई (पुणे)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशीर झाला त्याबद्दल माफ करा.

वेळापत्रक काढलं. कुंभारवाड्यातून माती आणली. पहिल्या दिवशी गोणपाटावर दोघं नाचली, जिन्यापर्यंत पावलं उमटली आणि खालच्या काकूंनी तक्रार करायच्या ऐवजी त्यांच्या नातवाला वर पाठवलं. आठव्या दिवशी मसाईताई म्हणाल्या तसा कंटाळा आला. मी काहीच केलं नाही, माती झाकून तिथेच ठेवली. अकराव्या दिवशी मुलानं बैल सोडून तांबटाचं घरटं केलं. फांदी, तिला भोक, आणि भोकातून बाहेर आलेली चोच. चोचीभोवतीच्या मिशांसाठी त्यानं झाडूच्या काडीचे बारीक तुकडे खोचले. तांबटाला मिशा असतात हे मला माहीतच नव्हतं, त्याला ते वर्गाच्या खिडकीतून दिसलं होतं.

सासूबाईंनी वाहनांचं ऐकलं आणि त्यांच्या माहेरचं पंचांग काढलं. आता नक्षत्र बदलायच्या आदल्या रात्री तिघांची बैठक असते. बरणी गच्चीवर आहे. वहीतलं कालचं वाक्य, मुलीचं: "पाऊस पडला पण बरणीला कमी वाटला."

एकच अडचण. तिच्या बैलाचा मागचा पाय वाळल्यावर मोडला. ओली माती लावून बघितली, चिकटत नाही, वाळली की गळून पडते. ती बैल उशाशी घेऊन झोपते. काय करू?

मसाईची_वाट (पन्हाळा)

वाळक्या मातीला ओली माती धरत नाही. वाळकी आकसून झालेली असते, ओली नंतर आकसते, मग सांधा सुटतोच. डिंक लावलात तर पुढे ती माती पुन्हा वापरता येणार नाही.

तिला विचारून, तिच्याच हातानं बैल पाण्याच्या पातेल्यात सोडायला सांगा. भाजलेला नाही, म्हणून विरघळेल. पण ढवळू नका, घाई करू नका. पातेलं उजेडात ठेवा आणि तिला बसून बघू द्या. आधी बुडबुडे येतात, मग कान सुटतात, मग शिंगं. पाठ सगळ्यात शेवटी जाते. पहिल्यांदा माझी मुलगी रडेल असं वाटलं होतं, ती दोन तास पातेल्याशी बसून राहिली. सकाळी वरचं पाणी ओतून द्या, खालची माती फडक्यावर घाला. दुपारपर्यंत मळण्याजोगी होते. या वेळी पाय जाड ठेवायला सांगा, आणि तांबटाचा फोटो जमला तर इथे टाका.